अंबाजोगाईचा हत्ती : एका पाहुण्या प्राण्याची प्रतीकपरंपरा

१

प्राचीन व मध्ययुगीन कलेतील पशुप्रतीकांचा विचार करताना अभ्यासक पुष्कळदा कोशाची वाट धरतात. हत्ती म्हणजे ऐश्वर्य, सिंह म्हणजे पराक्रम, नाग म्हणजे भूमी व जल, हंस म्हणजे विवेक अशी एक जंत्री हाताशी असते. एखाद्या शिल्पात किंवा ओवीत तो प्राणी आढळला की जंत्रीतील अर्थ त्याच्या नावापुढे मांडला जातो. या पद्धतीची सोय उघड आहे. पण तिच्या बुडाशी एक गृहीत आहे. प्रतीकाचा अर्थ त्या प्राण्यातच कायमचा साठविलेला असतो आणि कलावंत व कवी तो केवळ उपयोगात आणतात, असे तीत मानलेले असते. हे गृहीत कितपत टिकते हे एका मर्यादित क्षेत्रात तपासून पाहावे, या हेतूने प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे स्थळ आणि हत्ती हा एकच प्राणी निवडला आहे.

अंबाजोगाई हे बालाघाटाच्या डोंगराळ मुलखातील जयंती नदीकाठचे गाव. योगेश्वरीचे क्षेत्र, मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांचे वास्तव्य यांमुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास ते परिचित आहे. गावाजवळ कातळात कोरलेले एक शैव लेणे आहे. मोकळे प्रांगण, त्यात नंदीचा मंडप, पूर्णाकृती हत्ती आणि रांगांनी उभ्या असलेल्या स्तंभांचा विस्तीर्ण सभामंडप अशी त्याची रचना आहे. या लेण्यास तीन नावे आहेत. अभ्यासक त्यास शिवलेणी म्हणतात. देवीच्या कथेशी नाते जोडून त्यास जोगाईचा मंडपही म्हणतात. आणि लोकांच्या तोंडी सर्वांत अधिक रुळलेले नाव आहे ‘हत्तीखाना’.

हे तिसरे नाव विचार करण्याजोगे आहे. लेण्याची मुख्य देवता शिव. प्रांगणाच्या मध्यभागी मानाची जागा नंदीची. तरीही नाव मिळाले ते हत्तीवरून. हे असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हत्तीच्या अर्थांची एक मोठी परंपरा आपल्यापुढे उलगडत जाते.

२

प्रथम शिल्पातील हत्तीचा विचार करू. महाराष्ट्रातील दगडी वास्तूत हत्तीला मुख्यतः तीन कामे दिलेली दिसतात. पहिले काम भार वाहण्याचे. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळाशी निगडित आहे. त्याच्या उंच अधिष्ठानावर हत्तींची रांग कोरलेली असून सारे मंदिर त्यांच्याच पाठीवर पेलले आहे असा भास होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे गजपीठ याच कल्पनेचा पुढील आविष्कार होय. या मंदिरात यादव राजा दुसरा सिंघण याचा शके ११३६ चा लेख आहे. म्हणजे ज्या राजाच्या सेनापतीचे लेख अंबाजोगाईस सापडतात, त्याच राजाचा खिद्रापूरशीही संबंध आला होता.

दुसरे काम उभे राहण्याचे. कैलासाच्या प्रांगणात मंदिरापासून सुटे असे दोन हत्ती आहेत, वेरूळच्याच जैन लेण्यांपैकी इंद्रसभेच्या (लेणे क्र. ३२) प्रांगणातही एक अखंड दगडी हत्ती आहे. हे हत्ती कशाचाही भार वाहत नाहीत. राजवाड्याच्या दारी हत्ती झुलावा तसे ते देवाच्या दारी उभे आहेत. शैव आणि जैन या दोन्ही पंथांनी प्रांगणातील हत्ती सारख्याच सहजतेने स्वीकारला, यावरून त्याचा संबंध एखाद्या विशिष्ट पंथाच्या सिद्धांताशी नसून दरबारी शिष्टाचाराशी होता असे म्हणावे लागते. अंबाजोगाईच्या लेण्यातील हत्ती याच वर्गात मोडतात.

तिसरे काम मरण्याचे. शिवाने गजासुरास मारून त्याचे कातडे पांघरले ही कथा सर्वश्रुत आहे. वेरूळ व घारापुरी येथील अंधकासुरवधाच्या भव्य शिल्पांत शिवाच्या मागे पसरलेले गजचर्म दिसते. त्याच कैलासाच्या प्रवेशापाशी गजलक्ष्मीचे शिल्प आहे. तेथे हत्ती सोंडेने देवीवर जलाभिषेक करतात. एकाच वास्तुपरंपरेत एक हत्ती मंगल जल ओततो, दुसरा मंदिर पेलतो, तिसरा दारी तिष्ठतो आणि चौथा सोलला जातो. ‘हत्ती म्हणजे ऐश्वर्य’ हे समीकरण पहिल्यास लागू पडेल, तिसऱ्यासही काही अंशी लागू पडेल. पण चौथ्यापुढे ते निरुपयोगी ठरते. अर्थ ठरतो तो त्या त्या ठिकाणी हत्तीला कोणते काम दिले आहे यावरून.

घारापुरीचा उल्लेख आला आहे तर एक साम्यही येथे नोंदवावयास हवे. त्या बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता व त्यावरून पोर्तुगिजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८१४ मध्ये तो हत्ती कोसळला. पुढे त्याचे तुकडे मुंबईस नेण्यात आले आणि १९१४ मध्ये तेथील राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, तो पुन्हा जुळविण्यात आला. हत्ती बेटावरून गेला, नाव मात्र मागे राहिले. शिवाच्या महान प्रतिमांनी भरलेल्या लेण्यास बाहेरून आलेल्या लोकांनी हत्तीवरून ओळखावे आणि अंबाजोगाईच्या शैव लेण्यास गावच्याच लोकांनीही हत्तीवरूनच ओळखावे, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही.

३

शिल्पातील हत्तीमागे एक जिवंत हत्ती होता. तो कोणाचा होता हे पाहिल्याशिवाय पुढचा विचार करता येत नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात हत्ती पकडण्याच्या रीती, त्यांची लक्षणे, त्यांना शिकविणे व त्यांच्या झुंजी यांचे सविस्तर विवरण आहे. हत्ती हा राजाच्या विद्येचा विषय होता, हे यावरून स्पष्ट होते. यादवांच्या काळीही तो राज्यकारभाराचा स्वतंत्र विभाग होता. शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ठाणे ताम्रपटात हेमाद्रीच्या पदांमध्ये माहुतांच्या प्रमुखपदाचा निर्देश येतो. धर्मशास्त्राच्या प्रचंड ग्रंथाचा कर्ता असलेला हा मंत्री राजाच्या हत्तीखात्याचाही अधिकारी होता.

अंबाजोगाई, म्हणजे तत्कालीन आंबे, हे याच राज्यव्यवस्थेतील एका थोर सेनापतीचे गाव होते. खोलेश्वर हा मुद्गल गोत्री ब्राह्मण सिंघणाच्या मोहिमांचा नायक. शके ११६२ (इ. स. १२४०) च्या येथील लेखात त्याचा पुत्र राम हा नर्मदाकाठच्या युद्धात पडल्याचे आणि रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारल्याचे वृत्त आहे. या गावास सैन्य, त्याच्या मोहिमा आणि त्यांची किंमत परिचित होती. संस्कृत प्रशस्तींच्या परिपाठात शत्रूचे मत्त हत्ती आणि त्यांची गंडस्थळे फोडणारा सिंहरूप राजा ही जोडी नित्याची असते. सिंघण हे नावच सिंहावरून आलेले आहे. यादवांच्या ध्वजावर मात्र सुवर्णगरुड होता. राजचिन्हाचा मान गरुडाला आणि प्रत्यक्ष रणातील श्रम हत्तीला, अशी ही विभागणी होती.

या साऱ्यातून एक साधी गोष्ट निष्पन्न होते. बालाघाटातील शेतकऱ्याच्या नित्य जीवनात हत्ती नव्हता. तो त्याच्या गोठ्यात नव्हता, शेतात नव्हता. राजाची स्वारी आली, देवाची वा श्रीमंताची मिरवणूक निघाली, तरच तो दृष्टीस पडे. मराठी भाषेने ही जाणीव जपून ठेवली आहे. पुत्रजन्माचा आनंद अमर्याद झाला म्हणजे हत्तीवरून साखर वाटली जाते. वैभव आले म्हणजे दारी हत्ती झुलतो. या म्हणण्यांत हत्ती नेहमी येतो, आणला जातो, दारापर्यंत पोचतो. तो घरात नसतो. मराठी मुलखात हत्ती हा पाहुणा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

४

पाहुणा प्राणी म्हणून हत्तीचा विचार केला म्हणजे तेराव्या शतकातील दोन प्रसिद्ध मराठी रूपकांवर निराळा प्रकाश पडतो.

चक्रधरांचे दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले. त्यात जन्मांधांचा व हत्तीचा दृष्टांत आहे. गावात हत्ती येतो. जन्मांध त्यास पाहावयास जातात. ज्याच्या हाती जो अवयव लागतो त्यावरून तो हत्तीचे वर्णन करतो. ही कथा मुळात महानुभावांची नव्हे. पाली ‘उदान’ ग्रंथात ती बुद्धाच्या तोंडी आहे आणि जैनांनी अनेकान्तवादाच्या समर्थनार्थ तिचा वापर केला आहे. जैन परंपरेत तिचा रोख प्रत्येक मतातील अंशतः सत्याकडे आहे. चक्रधरांचा रोख वेगळा आहे. आंधळ्यांची मते एकत्र केली म्हणून हत्ती दिसत नाही. तो डोळस माणसालाच दिसतो, आणि परमेश्वराचे ज्ञानही तसेच आहे. एकच हत्ती, एकच कथा. पण जैनांच्या हाती ती सहिष्णुतेची ठरते आणि महानुभावांच्या हाती ज्ञानाधिकाराची. येथेही अर्थ प्राण्यात नाही, तो कथेच्या वापरात आहे.

या कथेला हत्तीच का लागतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तिच्यात बैल घालून पाहावा. मराठी खेड्यातील आंधळ्यास बैल हाताने सहज कळेल. शिंग, वशिंड, गळ्याची पोळी यांचा मेळ तो क्षणात घालील, कारण तो बैलाच्या संगतीत वाढलेला असतो. कथा उभी राहते ती हत्ती गावात नवा आला आहे म्हणून. अपरिचयातून अर्थांची गर्दी होते.

दुसरे रूपक ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभीचे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथात ज्ञानदेव गणेशाला शब्दब्रह्माची मूर्ती म्हणून वंदन करतात. सहा दर्शने हे सहा हात, तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश, वेदान्त हा मोदक. वार्तिककारांनी खंडित केलेले बौद्धमत हा हातातील तुटलेला दात. विवेक ही सरळ सोंड, संवाद हा शुभ्र दात, दोन्ही मीमांसा हे दोन कान. अखेर अकार, उकार व मकार हे पाय, उदर व मस्तक होऊन सारी मूर्ती ओंकारात एकवटते.

ही दोन रूपके शेजारी ठेवली म्हणजे त्यांची रचना परस्परांची उलटी बाजू आहे हे ध्यानात येते. दोन्हींत हत्तीचे अवयव सुटे केले आहेत आणि दोन्हींत प्रत्येक अवयव हा एकेका मताचा आधार आहे. चक्रधरांच्या दृष्टांतात अवयवाने भुलून संपूर्णाला मुकलेली मते दिसतात. ज्ञानदेवांच्या रूपकात तीच परस्परविरोधी मते एका देहाचे अवयव म्हणून जागच्या जागी बसविलेली आहेत. खंडित मतालासुद्धा ज्ञानदेवांनी मूर्तीबाहेर टाकले नाही. तुटलेला दातही गणेशाच्याच हातात आहे. दोघांचा काळ एकाच शतकात येतो आणि मुलूखही एकच, गोदावरीखोऱ्याचा. चक्रधरांचे वेरूळच्या लेण्यांत वास्तव्य झाल्याचे ‘लीळाचरित्रा’त येते. एकाने दुसऱ्याचे रूपक डोळ्यांपुढे ठेवले असे मानावयास आधार नाही व त्याची आवश्यकताही नाही. मतामतांच्या कलहाला आकार देण्यासाठी दोघांनाही हत्तीचाच देह सुचला, एवढे पुरेसे आहे.

अंबाजोगाईशी परंपरेने जोडलेले मुकुंदराज यांचा विचार येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. ‘विवेकसिंधू’चा रचनाकाळ परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मानला जातो, ग्रंथाच्या स्थळाविषयी अंबाजोगाई व विदर्भातील आंभोरे असे दोन पक्ष आहेत. ज्या अद्वैत वेदान्ताचे हा ग्रंथ मराठीत निरूपण करतो, त्याचा आवडता प्राणी हत्ती नसून साप आहे, आणि तोही नसलेला साप. दोरीवर भासलेला सर्प प्रकाश येताच नाहीसा होतो. जन्मांधांचा हत्ती मात्र प्रकाशात अधिकच खरा होतो. अज्ञान म्हणजे अपुरे ज्ञान की मुळातच खोटे ज्ञान, या दोन दर्शनांतील भेदाची निवड त्यांनी प्राणी निवडतानाच केलेली आहे. साप हा शेतकऱ्याच्या रोजच्या भयाचा विषय. अंधारात तो नसतानाही दिसतो. हत्ती नसताना कोणाला दिसत नाही. प्रतीकाची योग्यता अशी माणसाच्या त्या प्राण्याशी असलेल्या नात्यातून येते.

५

सोळाव्या शतकात या परंपरेला आणखी एक वळण मिळाले. दासोपंत (इ. स. १५५१ ते १६१५) हे अंबाजोगाईचे थोर दत्तोपासक. ‘गीतार्णव’ हा त्यांचा विशाल ग्रंथ आणि कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ यांमुळे ते प्रसिद्ध आहेत. दत्तसंप्रदायाने भागवताच्या एकादश स्कंधातील यदू व अवधूत यांचा संवाद आपला मानला. त्या संवादात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो आणि त्यांत पृथ्वी, वायू, समुद्र यांच्याबरोबर अजगर, पतंग, भ्रमर, हरिण, मासा व हत्तीही येतात. दासोपंतांचे समकालीन एकनाथ यांनी हा भाग आपल्या भागवतटीकेत मराठीत विस्ताराने मांडला. ती टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण झाली.

या यादीतील हत्ती पूर्वीच्या सर्व हत्तींहून वेगळा आहे. हत्तिणीच्या स्पर्शाला लोभावून तो बंधनात पडतो, म्हणून तो स्पर्शासक्तीचा धडा देणारा गुरू. हरिण नादाने, मासा रसाने, पतंग रूपाने, भ्रमर गंधाने आणि हत्ती स्पर्शाने नष्ट होतो. हा बोध कल्पनेतून काढलेला नाही. माणसाळलेल्या हत्तिणीच्या साहाय्याने रानहत्ती पकडण्याची रीत खरोखरच प्रचलित होती आणि गजविद्येच्या ग्रंथांत ती नमूद आहे. राजाच्या शिकाऱ्याला जे तंत्र वाटले, त्यात संन्याशाने आपला गुरू पाहिला. दारी झुलणारा हत्ती तेथे कसा आला याची आठवण या गुरूने दिली आहे. ऐश्वर्याच्या प्रतीकाच्या मागे एक फसवणूक व एक बंधन उभे असते, हे अवधूताच्या दृष्टीस पडते.

६

आता पुन्हा लेण्याकडे वळू. योगेश्वरीची लोककथा असे सांगते की देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता, वऱ्हाड निघाले, परंतु मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले. लेण्यातील मंडप हा त्या लग्नाचा मंडप आणि तेथील हत्ती हे त्या वऱ्हाडातले. कथेस इतिहासाचा आधार नाही हे सांगावयास नको. परंतु अर्थाच्या दृष्टीने ती अचूक आहे. हत्ती गावात का आला, या प्रश्नाचे लोकमानसाने दिलेले उत्तर तीत आहे: तो लग्नाला आला होता. आणि तो अजून का गेला नाही, याचेही उत्तर तीत आहे.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत मुली आश्विनात हादगा किंवा भोंडला खेळतात, तेव्हा पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती फेर धरतात. सूर्य हस्त नक्षत्रात असतो; शेतकरी त्यास ‘हत्ती’ म्हणतो आणि त्याच्या पावसाची वाट पाहतो, कारण रब्बीच्या ज्वारीस त्या ओलीचा आधार असतो. बीडसारख्या वारंवार अवर्षणग्रस्त होणाऱ्या जिल्ह्यात या अपेक्षेचे मोल काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. गजलक्ष्मीच्या सोंडेतील जल आणि पाटावरील हत्तीचा पाऊस यांत शतकांचे अंतर असले तरी कल्पना एकच आहे. येथेही हत्ती हा येणारा आहे. न आला तर वर्ष कठीण जाते.

‘हत्तीखाना’ या नावाचा उलगडा आता होऊ शकतो. ‘खाना’ हा प्रत्यय फारसी राज्यव्यवहारातून आलेला. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत हत्तींच्या खात्यास ‘पीलखाना’ म्हणत. लोकांनी फारसी ‘पील’ सोडून ‘हत्ती’ घेतला आणि प्रत्यय तेवढा ठेवला. निजामी अमलात लष्करी छावणीमुळे व ‘मोमिनाबाद’ या नावामुळे ओळखल्या गेलेल्या या गावात तबेले, ठाणी व कारखाने यांचा शब्दसंग्रह परका नव्हता. पाहुण्यास उतरावयास जागा हवी. लोकांनी लेण्यासच त्याची जागा ठरवून टाकली. शिवलेणी हे नाव देवतेचे, जोगाईचा मंडप हे कथेचे, हत्तीखाना हे पाहणाऱ्याच्या नवलाईचे. तीनही नावे खरी आहेत.

आणि नंदी? तो प्रांगणाच्या मध्यभागी आहे, तरीही लेण्यास ‘नंदीचा गोठा’ असे कोणी म्हटले नाही. बैल हा घरचा. त्याची पूजा होते, पोळ्याला त्यास न्हाऊ घालून सजवितात, देवळात नंदीच्या शिंगांतून पिंडीचे दर्शन घेतात. पण त्याचे स्पष्टीकरण द्यावे असे कोणास वाटत नाही. घरच्या प्राण्याशी माणसाचे नाते व्यवहाराचे, कृतज्ञतेचे व पूजेचे असते. पाहुण्या प्राण्याविषयी मात्र तो कथा रचतो, मते मांडतो, रूपके योजतो. म्हणून मराठी मुलखात बैलाला सण मिळाला आणि हत्तीला अर्थ मिळाले.

७

वरील विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी दोन गोष्टी सुचतात. पहिली अशी की पशुप्रतीकाचा अर्थ ठरविताना तो प्राणी त्या प्रदेशात कोणाच्या मालकीचा होता, कोणास नित्य दिसे व कोणास क्वचित, हे आधी तपासले पाहिजे. एकाच प्राण्याचे अर्थ दरबारात, मठात व शेतात निरनिराळे होतात, आणि त्या भिन्नतेचे कारण बहुधा या नात्यात सापडते. कोशातील अर्थ हा शोधाचा आरंभ आहे. त्याने शोध संपत नाही.

दुसरी गोष्ट स्थळनामांची. लेण्यांच्या व मंदिरांच्या सर्वेक्षणात शास्त्रीय नाव दिले की लोकप्रचलित नाव अशुद्ध म्हणून गाळण्याकडे कल असतो. ‘हत्तीखाना’ हे नाव वास्तुशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. ते लेणे हत्तींचा तबेला कधीच नव्हते. परंतु ते गाळले तर या वास्तूकडे गेल्या काही शतकांतील सामान्य माणसाने कसे पाहिले, याचा आपल्याजवळचा सर्वांत संक्षिप्त पुरावा नाहीसा होईल. राजाचे ताम्रपट व सेनापतीचे शिलालेख वाचण्यासाठी आपण जे श्रम घेतो, त्यांतील थोडे या एका शब्दासाठीही घ्यावयास हवेत. तो शब्द कोणत्याही शिळेवर कोरलेला नाही. बोलणारी माणसे तो विसरली की त्याचा ठसा घेण्याची सोय राहणार नाही.